पॉपिन्स फॉन्ट: पाटीला उत्तम, परिच्छेदाला बेताचा

गोल पोटाची अक्षरं, सगळीकडे सारख्याच जाडीची रेघ, डोक्यावर सपाट शिरोरेघ. मराठी ॲपचा पहिला पडदा असो, गृहप्रकल्पाचं ब्रोशर असो की कॅफेची पाटी, हे वळण हल्ली सगळीकडे दिसतं आणि बऱ्याचदा तो पॉपिन्स असतो. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ मध्ये तो खुल्या परवान्याखाली बाहेर काढला. त्यातली देवनागरी निनाद काळे यांनी घडवली, रोमन जॉनी पिनहॉर्न यांनी. सुरुवातीला लाइट ते बोल्ड अशी पाचच वजनं, म्हणजे रेघेच्या जाडीचे प्रकार, होती. आता थिन (१००) ते ब्लॅक (९००) अशी नऊ आहेत आणि प्रत्येकाला तिरपी जोड आहे, म्हणजे एकूण १८ फाइली. गूगल फॉन्ट्सवर तो फुकट मिळतो. ओएफएल (ओपन फॉन्ट लायसन्स) परवाना असल्यामुळे गिऱ्हाइकाच्या लोगोत, छापील मालावर, ॲपच्या आत कुठेही वापरता येतो. नुसता फॉन्टच सुटा विकायला तेवढी मनाई आहे.

भौमितिक सॅन्स, म्हणजे वर्तुळ आणि सरळ रेघांतून घडवलेला, टोकांना फाटे नसलेला घाट रोमनला नवा नाही. पॉल रेनरचा फ्यूचुरा १९२७ चा. कंपास आणि पट्टी घेऊन काढल्यासारखी अक्षरं रोमनमध्ये तेव्हापासून रुळलेली आहेत, कारण त्या लिपीत ओ, सी, डी, क्यू अशी मुळातच वर्तुळाला राजी असलेली अक्षरं भरपूर. देवनागरीचं तसं नाही. तिचं वळण बोरूच्या तिरप्या कापातून आलं. रेघ कुठे जाड, कुठे बारीक, आणि डोळा त्या चढउतारावरून अक्षर ओळखतो. तो चढउतार काढून घेतला, तर अक्षर ओळखू येण्याची सगळी जबाबदारी सांगाड्यावर पडते. पॉपिन्सच्या देवनागरीने ही जोखीम उघड डोळ्यांनी घेतली आहे. व, ब, क यांची पोटं वर्तुळाकडे झुकवली आणि रेघ जवळजवळ एकाच जाडीची ठेवली, पण जिथे दोन रेघा मिळतात तिथे ती गुपचूप बारीक केली. हे शेवटचं काम नुसत्या डोळ्याला जाणवत नाही. बोल्डमधला 'क' ४०० पॉइंटला मोठा करून दांडा आणि पोट मिळतात ती जागा बघा. रेघ तिथे आवळलेली दिसेल. ती तशी आवळली नसती, तर लहान आकारात प्रत्येक सांध्यावर शाईचा ठिपका पडल्यासारखं दिसलं असतं.

दोन लिप्या शेजारी बसवण्याचा हिशेबही नेटका आहे आणि या फॉन्टची खरी कमाई तीच. देवनागरी अक्षराची उंची रोमनच्या बी, डी, एच या उंच लहान अक्षरांएवढी आहे. रोमन कॅपिटलं त्याहून किंचित बुटकी आणि लहान अक्षरं बऱ्यापैकी उंच. त्यामुळे मराठी वाक्यात मध्येच इंग्रजी ब्रँडचं नाव आलं तरी ते ओरडत नाही. वेगवेगळ्या घरचे दोन फॉन्ट जोडीला लावले की देवनागरीचा आकार दहा-पंधरा टक्क्यांनी वाढवा, मग वजन जुळत नाही म्हणून मीडियम लावा, मग ओळ हलते, अशी कसरत करावी लागते. इथे ती करावी लागत नाही. दुभाषी पाटी, तिकीट, मेन्यूकार्ड आणि ॲपची बटणं यांसाठी पॉपिन्स निवडायला एवढं कारण पुरेसं आहे.

आता तक्रारींकडे. त्यातल्या निम्म्या फॉन्टच्या नाहीतच, सेटिंगच्या आहेत.

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे 'मात्रा एकमेकांवर चढतात.' पॉपिन्सच्या आत जे मोजमाप लिहिलेलं आहे त्यात १००० एककांच्या चौकटीला वर १०५०, खाली ३५० आणि वरून १०० ची मोकळीक दिली आहे. एकूण १५००. म्हणून ब्राउझरमध्ये ओळींचं अंतर काही न सांगता सोडलं तर १६ पिक्सेलच्या अक्षराला २४ पिक्सेलची ओळ मिळते, आणि फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधल्या 'ऑटो'तही तेच होतं. हे अंतर देवनागरीसाठी मुद्दाम ठेवलेलं आहे. पण इंग्रजी शीर्षकाला ते ढगळ वाटतं, म्हणून डिझायनर १.१ किंवा १.२ करतो आणि तीच स्टाइल मराठी पडद्याला लागते. ४० पिक्सेलच्या शीर्षकाला १.२ ने ४८ पिक्सेलची ओळ मिळते, तर अक्षराला वरखाली मिळून ५६ लागू शकतात. वरच्या ओळीत 'पूर्ण' आणि त्याच्या नेमकं खाली 'मार्गी' आलं की ऊकार आणि रफार-वेलांटी भिडल्याच म्हणून समजा. मराठी शीर्षकाला १.४, मजकुराला १.६ ते १.७ ठेवा आणि इंग्रजीसाठी वेगळी स्टाइल बनवा. पानं जुळवायच्या इनडिझाइनमध्ये उलटा सापळा आहे. तिथलं ऑटो लीडिंग, म्हणजे ओळींचं आपोआप अंतर, फॉन्टला विचारतच नाही, सरळ १२० टक्के लावतं. १२ पॉइंटला १४.४ मिळतं, आणि पॉपिन्सच्या मराठीला किमान १७-१८ हवं.

याच जातीची दुसरी गोष्ट म्हणजे कापलेला ऊकार. कार्डाच्या चौकटीला 'ओव्हरफ्लो हिडन' (चौकटीबाहेर गेलेलं लपवा) लावलेलं असतं, ओळ घट्ट असते आणि 'हृदय', 'वस्तू', 'उद्घाटन' यांच्या तळाशी कात्री लागते. इंग्रजीत तपासताना हे दिसत नाही, कारण इंग्रजीत तेवढं खाली काही उतरतच नाही.

अक्षरांमधलं अंतर हा तिसरा घोळ. पॉपिन्सचं रोमन रुंद आहे, त्यामुळे मोठ्या शीर्षकात लोक ते उणे दोन टक्के आवळतात. रोमनला ते शोभतं. देवनागरीला आवळलं की काना शेजारच्या पोटात घुसतो, आणि सैल सोडलं की शिरोरेघ तुटते, शब्द दात पडल्यासारखा दिसतो. मराठीत हे अंतर शून्यच ठेवायचं, त्यात तडजोड नाही. जागा कमी पडत असेल तर आकार कमी करा किंवा शब्द बदला.

शिरोरेघेची आणखी एक गंमत फ्लेक्स आणि रेडियमच्या दुकानात कळते. प्रत्येक अक्षराची शिरोरेघ शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते, म्हणून ती सलग दिसते. अक्षरं कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज केली, म्हणजे त्यांची चित्रं केली, की हे चढलेले तुकडे सुटे आकार म्हणून उरतात. फ्लेक्सवर एकाच रंगात छापताना काही बिघडत नाही. पण रेडियम कापणारं यंत्र प्रत्येक आकाराची कड कापतं. मग 'साईकृपा'च्या शिरोरेघेत अक्षरागणिक उभी चीर पडते आणि चिकटवताना तुकडे हातात येतात. कोरलमध्ये कर्व्ह केल्यावर शब्द निवडून वेल्ड करा, इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरमधलं युनाइट. मग वायरफ्रेममध्ये, म्हणजे नुसत्या कडा दाखवणाऱ्या दृश्यात, जाऊन रेघ खरंच एक झाली का ते पाहा. अक्षराला नुसती बाहेरची कड द्यायची असेल किंवा रंग अर्धपारदर्शक करायचा असेल, तरी हेच आधी करावं लागतं, नाहीतर प्रत्येक सांध्यावर गडद पट्टी उमटते. एलईडी पाटीसाठी ॲक्रिलिक कापून घेणार असाल तर वजन सेमीबोल्डच्या खाली जाऊ देऊ नका.

फोटोशॉप-इलस्ट्रेटरमध्ये 'किल्ला' लिहिल्यावर वेलांटी क च्या मागे जाऊन बसते आणि ल चा पाय मोडलेला दिसतो, तेव्हा शिव्या फॉन्टला मिळतात. दोष अक्षरं जुळवणाऱ्या इंजिनाचा असतो. वेलांटी साठवताना क नंतरच साठवलेली असते. ती पुढे आणून बसवणं आणि ल्ल जोडणं हे काम सॉफ्टवेअरने फॉन्टमधल्या नियमांप्रमाणे करायचं असतं. इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ पॅनेलच्या मेन्यूत 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडा. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात भारतीय भाषांचे पर्याय चालू करा, मग पॅराग्राफमध्ये दक्षिण आशियाई कंपोझर दिसू लागतो. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्येही टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी इंजिन निवडावं लागायचं, आणि ते आधी तयार केलेल्या मजकुराच्या लेयरला आपोआप लागू होत नसे. श्रीलिपी या युनिकोडआधीच्या पद्धतीत टाइप केलेला जुना मजकूर थेट पॉपिन्समध्ये आणता येत नाही, त्यातून रोमन कचराच बाहेर पडेल. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग मुद्रितशोधन, मग फॉन्ट. रूपांतरात र आणि रफार हमखास मार खातात.

विंडोजवरच्या वर्डमध्ये वजनांची यादी विचित्र दिसते: पॉपिन्स, पॉपिन्स मीडियम, पॉपिन्स सेमीबोल्ड असे सुटे सुटे फॉन्ट. एका नावाखाली चारच रूपं धरायच्या जुन्या पद्धतीमुळे हे होतं, त्यात बिघाड काही नाही. मात्र सेमीबोल्ड निवडून वर पुन्हा बी चं बटण दाबू नका. हवं ते वजन यादीतूनच घ्या. कार्यालयात एकाकडे जुनी पाच वजनांची प्रत आणि दुसऱ्याकडे नवी नऊ वजनांची असेल, तर फाइल उघडताना 'फॉन्ट सापडत नाही' हा निरोप ठरलेला. सगळ्यांनी जुनी प्रत काढून टाकून एकाच दिवशी नवी टाकलेली बरी.

मराठीपुरती परीक्षा वेगळी घ्यावी लागते. हिंदीत चाललेला फॉन्ट मराठीत चालेलच असं नाही, आणि विक्रीच्या नमुन्यात कधीच न दिसणारी जोडाक्षरं आपल्या रोजच्या गावांच्या नावांत असतात. ही ओळ टाकून बघा: महाराष्ट्र, कोल्हापूर, कुऱ्हाड, दऱ्याखोऱ्या, तत्त्व, उद्घाटन, ज्ञानेश्वर, चिन्ह, ब्राह्मण, शृंगार, ॲप, ऑर्डर. रेग्युलर आणि मीडियममध्ये 'ष्ट्र' नीट मोकळा राहतो. एक्स्ट्राबोल्ड आणि ब्लॅकमध्ये मात्र भूमितीची किंमत मोजावी लागते. उभ्या जोडाक्षरांच्या पोटातली पांढरी जागा आवळते, आणि घ-ध, भ-म यांच्यातला फरक ज्या शिरोरेघेतल्या फटीवर उभा आहे ती फटच लहान होते. मोबाइलवर १२ पिक्सेलला ब्लॅक लावलं तर ती फट एका पिक्सेलच्याही आत येते, मग 'धन' की 'घन' हे संदर्भावरून ओळखायचं. ब्लॅक हे वजन पोस्टरचं आहे, २४ पिक्सेलच्या खाली नेऊ नये. उलट टोकाला थिन आणि एक्स्ट्रालाइट. स्वस्त पडद्यावर त्यांची शिरोरेघ राखाडी होऊन विरते. लग्नपत्रिकेवर सोनेरी फॉइलमध्ये तर त्यांच्या नादी लागूच नका, रेघ जागोजागी तुटते.

'दऱ्या'मधला आडवा अर्धा र आणि 'दर्या'मधला रफार हे दोन्ही नीट वेगळे उमटतात ना, हे फॉन्टइतकंच टाइप करणाऱ्यावर अवलंबून आहे. आडवा र नुक्त्याच्या ऱ ने लिहिता येतो किंवा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. ते अदृश्य चिन्ह संकेतस्थळाचा मजकूर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या एखाद्या चाळणीत गळालं की 'दर्‍या' निमूटपणे 'दर्या' होतो आणि डोंगरातली दरी समुद्रात जाते. फॉन्ट लहान करण्यासाठी अनावश्यक अक्षरं छाटणारी मंडळीही हीच चूक करतात. छाटताना हलन्त, जोडणारं आणि तोडणारं अशी दोन्ही अदृश्य चिन्हं, दंड आणि ठिपक्यांचं वर्तुळ ठेवाच.

ल आणि श यांची मराठी वळणं हा अनेकांचा हळवा विषय. पाकळीचा ल आणि देठाचा श हवा असेल तर फॉन्टमध्ये ती रूपं असावी लागतात, आणि पानाची भाषा मराठी आहे असं सांगावंही लागतं. एचटीएमएलमध्ये भाषेचा कोड 'एमआर' हवा, इनडिझाइनमध्ये कॅरेक्टर पॅनेलमध्ये भाषा मराठी हवी. 'लाल शाल' एकदा मराठी आणि एकदा हिंदी असा कोड लावून शेजारी ठेवा. दोन्हींत फरक दिसला नाही तर तुमच्या फाइलमधून मराठी वळण मिळणार नाही, आणि गिऱ्हाईक त्याबद्दल हट्टी असेल तर काम सुरू होण्याआधीच दुसरा फॉन्ट घ्या. नोटो सॅन्स देवनागरीत ही दोन्ही रूपं आहेत.

संकेतस्थळासाठी गूगल हा फॉन्ट लॅटिन, विस्तारित लॅटिन आणि देवनागरी अशा तुकड्यांत पाठवतो. ब्राउझर लागेल तोच तुकडा ओढतो. देवनागरीचा तुकडा जोडाक्षरांमुळे रोमनच्या कित्येक पट जड, म्हणून मराठी पानावर तीनच वजनं ठेवा: ४००, ५०० आणि ७००. इथे एक बारीक खाच आहे. ₹ हे चिन्ह मूळ लॅटिन तुकड्यात नसतं. पूर्ण इंग्रजी दुकानाच्या पानावरही पहिल्या किमतीसमोरच्या एका ₹ साठी आणखी एक फाइल उतरते. स्वतःच्या सर्व्हरवर फक्त लॅटिन तुकडा ठेवला असेल, तर ₹ दुसऱ्याच फॉन्टमधून येतो आणि आकड्यांच्या शेजारी उपरा दिसतो. फॉन्ट उतरेपर्यंत मराठी मजकूर विंडोजवर निर्मलामध्ये, ॲपलवर कोहिनूरमध्ये आणि अँड्रॉइडवर नोटोमध्ये दिसतो. पॉपिन्स या तिघांपेक्षा ऐसपैस, त्यामुळे तो आला की दोन ओळींचं शीर्षक तीन ओळींचं होऊन खालचा मजकूर उडी मारतो. शीर्षकाच्या चौकटीला आधीच तीन ओळींची जागा राखून ठेवा.

लांब वाचनाला मात्र तो देऊ नये. एकाच जाडीची रेघ आणि गोल पोटं यामुळे शब्दांचे आकार एकमेकांसारखे दिसू लागतात. चार परिच्छेदांनंतर डोळा ओळ सोडायला लागतो, शिवाय रुंदीमुळे पानंही वाढतात. बातम्या, लेख, शासकीय माहितीपत्रक यांसाठी मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता घ्या. त्यात सात वजनं आहेत आणि त्याची देवनागरी हाताच्या वळणाला जवळची आहे. अरुंद रकाना असेल तर त्यांचाच अनेक देवनागरी बघा, त्यात वजनासोबत रुंदीही कमीजास्त करता येते. पुस्तकासाठी तिरो देवनागरीची खास मराठी आवृत्ती आहे. पॉपिन्स शीर्षकाला आणि मुक्ता मजकुराला ही जोडी सहज जमते.

तिरपी नऊ वजनं मराठीत विसरलेली बरी. देवनागरी छपाईत तिरप्या अक्षराची परंपरा नाही, आणि इथे तर तेच गोल अक्षर कलंडलेलं. पुस्तकाचं नाव वेगळं काढायचं तर अवतरणचिन्हं किंवा मीडियम वापरा.

रोमनची दोन दुखणी सांगायला हवीत. लहान ए हा एकमजली, म्हणजे वर्तुळाला दांडा. लहान आकारात तो ओ शी गोंधळतो. कॅपिटल आय आणि लहान एल दोन्ही नुसत्या उभ्या रेघा. पासवर्ड, कूपन कोड, बँकेचा आयएफएससी कोड अशा जागी हे चालणार नाही. तिथे दुसरा फॉन्ट लावा. आकड्यांचंही तसंच. इंग्रजी १ बारीक, ० रुंद, आणि सगळे आकडे एका मापात बसवणारी सोय फॉन्टमध्ये नाही. ओटीपीचा उलटा मोजणारा टाइमर दर सेकंदाला डावीउजवीकडे थरथरतो. केटररच्या रेटकार्डात १११ आणि ८८८ एकाखाली एक ठेवले, तर उजवीकडून रकाना जुळवला तरी शतकाखाली शतक येत नाही. त्या रकान्यापुरते आकडे नोटो सॅन्सचे घ्या, ते मुळातच एका मापाचे आहेत. आकार अर्धा पॉइंट वाढवला आणि वजन मीडियम केलं की शेजारच्या पॉपिन्समध्ये ते खपून जातात.